भाऊ, बेस वाढव!

हिंगोली जिल्ह्यातल्या डीजेवाल्याला स्वतःचं नाव नसतं. नाव टेम्पोला असतं. कपाळावर कुलदैवत, दारावर धाकट्या लेकीचं नाव आणि मागच्या फाळक्यावर जटा सोडून हसणारा बॉब मार्ली. पेंटरकडे मार्लीचा छापा तयार होता म्हणून मार्ली आला, नसता तर वाघ आला असता. हा कोण, असं विचारलं तर भाऊ सांगतो, "आपल्यातलाच हाय. बाहेरगावचा डीजेवाला." मार्ली रेगे गाणारा होता, डीजेवाला नव्हता आणि 1981 मध्येच गेला, हे सांगून त्याचा हिरमोड कशाला करायचा?

शिवाय भाऊ फारसा चुकतही नाही. मार्लीच्या जमैकात, किंग्स्टन शहरात, 1950 च्या दशकापासून हाच धंदा चालत आला आहे. ट्रकभर कर्णे, जनरेटर आणि तबकड्या घेऊन मंडळी मोकळ्या जागेत मांड ठोकायची. दोन साऊंड समोरासमोर आले की जुंपायची, आणि ज्याच्याकडे गर्दी सरकली तो जिंकला. अमेरिकेहून आणलेल्या तबकडीवरचं नाव खरवडून टाकायचे, समोरच्याला गाणं कोणतं ते कळू नये म्हणून. त्यातला एक दादा माणूस, ड्यूक रीड, मूळचा पोलीस. आमच्याकडे पोलीस डीजे बंद करायला येतो. तिथे पोलिसानंच सुरू केला.

भाऊला यातलं काही माहीत नाही, पण करतो तेच. गाण्यात दर अर्ध्या मिनिटाला त्याच्या साऊंडचं नाव घुमतं. त्यामागे हेतू एकच, गाणं कोणी चोरू नये. मूळ गाणं भाऊनं कुठून उचललं, हे विचारायचं नसतं.

भाऊची सगळी मोजमापं बेसमध्ये असतात. दोन बेसचं लग्न म्हणजे सोयरीक साधी. चार बेस म्हणजे मुलगा नोकरीला. आठ बेस आणि वर शार्पी लाइट असली की समजावं, मुलीच्या बापानं वावर विकलं किंवा यंदा हळद पावली. हळद म्हणजे अंगाला लावायची नव्हे, पोत्यातली. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात भाव चढले की भाऊच्या फोनवर लगेच सुपाऱ्या येतात, आणि भाव पडले की तीच माणसं 'घरच्या घरी उरकू' म्हणायला लागतात. त्यामुळे शेती नसूनही हळदीचा भाव भाऊला शेतकऱ्याच्या आधी कळतो.

तसा वर्षभर त्याला उसंत नाही. शिवजयंती, चौदा एप्रिल, श्रावणात कळमनुरीहून हिंगोलीला येणारी कावड, गणपती, देवी, आणि कोणत्याही निवडणुकीचा कोणताही निकाल. हरलेल्या उमेदवाराची उधारी मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत चालते. नरसीवरून जाताना भाऊ आवाज बंद करून हात जोडतो. नामदेव महाराजांकडे ना बेस होता ना जनरेटर, तरी त्यांचा आवाज पंजाबात घुमानपर्यंत पोचला, याचं त्याला व्यावसायिक कुतूहल आहे.

अख्ख्या वरातीत सगळ्यात गप्प माणूस म्हणजे भाऊ. कानात कापसाचे बोळे, डोळे रस्त्यावर लोंबणाऱ्या तारांवर आणि बोट मिक्सरवर. लाखो रुपयांचा आवाज त्याच्या मालकीचा, पण त्यातून काय वाजणार हे ठरवायचा अधिकार त्याच्याखेरीज सगळ्यांना. नवरदेवाचे मित्र टेम्पोच्या पायरीवर चढून ओरडतात, "भाऊ, बेस वाढव!" मामाला नागीण पाहिजे. दाजींना पाहिजे ते गाणं त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं, आणि ते भाऊकडे नसलं की दाजी रुसून पानपट्टीवर जातात. मुलीचा बाप घड्याळ दाखवतो, कारण मुहूर्त बारा पस्तीसचा आणि वरात दोन वाजता अजून मारुतीच्या पारापाशीच. एक म्हातारी उंबऱ्यात येऊन म्हणते, "बाबा, भांडे पडायलेत फळीवरचे." भाऊ सगळ्यांकडे बघून सारखीच मान हलवतो. एकही गाणं शेवटपर्यंत वाजत नाही. पहिलं कडवं संपायच्या आत कोणीतरी चढतोच.

यावर त्यानं शोधलेला उपाय मला फार आवडतो. मिक्सरवर कडेला एक बटण आहे, ते कशालाच जोडलेलं नाही. 'वाढव' म्हणून कोणी आलं की भाऊ ओठ आवळून, मोठं जोखमीचं काम असल्यासारखं, ते बटण सावकाश उजवीकडे फिरवतो. पोरं क्षणभर ऐकतात, एकमेकांकडे बघतात आणि बेभान होतात: "हां, आता कसं!" कमी करा म्हणणारे पाहुणे आले की तेच बटण डावीकडे. तेही समाधानानं जातात. फक्त पोलिसाला हे बटण चालत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वस्तीत रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. भाऊचा नुसता जनरेटर त्याहून मोठ्यानं खोकतो. मग दहाच्या ठोक्याला भाऊ मुख्य बटण बंद करतो, आणि ज्यांनी तासभर नाचून त्याचं नावही विचारलं नाही ते सगळे एकदम विचारतात, "कामून बंद केलं बे?" शिव्या भाऊला. जप्त झाला तर टेम्पो भाऊचा. 'वाढव' म्हणणाऱ्यांपैकी कोणाचीही मोटारसायकल आजवर जप्त झालेली मी तरी ऐकली नाही.

भाऊचा बाप बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. हिंगोलीत पूर्वी निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. देशातल्या लग्नात पितळी वाद्यं आणि झालरीचे कोट पलटणींच्या बँडकडूनच आले, तेव्हा बँडमास्तरच्या खांद्यावरचे गोंडे आमच्या गावात अगदीच उपरे नाहीत. तो बँड थांबून थांबून वाजायचा, कारण मास्तरला श्वास घ्यावा लागे. डीजेला नुसतं डिझेल लागतं. तरी अलीकडे ज्यांच्याकडे पैसा आहे ते "लाइव्ह पाहिजे" म्हणतात. मग भाऊ बापाच्या एखाद्या जुन्या जोडीदाराला घरून बोलावतो, टेम्पोवर उभा करतो, त्याच्या ट्रम्पेटच्या तोंडाशी माईक बांधतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. म्हातारा दोन फुंकरी मारतो, पोरं मोबाइल वर करतात, आणि भाऊ आवाज थोडा कमी करतो. त्या वेळी मात्र खऱ्या बटणानं.

भाऊचा खरा प्रतिस्पर्धी शेजारच्या तालुक्यातला कोणी साऊंडवाला नाही, जमीन आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात कैक वर्षं जमिनीखालून गूढ आवाज येतात, पत्रे वाजतात. मोठ्या शहरांत संगीताला अंडरग्राउंड म्हणवून घेण्यासाठी तळघर भाड्यानं घ्यावं लागतं; आमच्याकडे ते आपोआप होतं. 21 मार्च 2024 ला सकाळी सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि सगळा जिल्हा रस्त्यावर आला. भाऊही आला, पण त्याला पडलेला प्रश्न वेगळा: बेस असा जमिनीतूनच का देता येऊ नये?

अशा जिल्ह्यातच, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात, लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे, हे मी त्याला एकदा चहा पिताना सांगितलं. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी थरथर मोजणार.

"थरथर? बेसची?"

"नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची. 2015 मध्ये अमेरिकेतल्या अशाच यंत्रांना पहिल्यांदा सापडली. आदळली होती एक अब्ज तीस कोटी वर्षांपूर्वी."

भाऊनं कपबशी खाली ठेवली. "आन् आत्ता ऐकू आलं? एवढ्या लांबून? सेटअप लय भारी असंल, काका."

"वाजलं मात्र सेकंदाचा पाचवा भाग."

इथे तो खचला. "मंग बिल कसं लावलं असंल?"

मी म्हटलं, शांत जागा पाहिजे म्हणून बऱ्याच ठिकाणी हिंडून त्यांनी आपला औंढा निवडला. हे ऐकून भाऊ बराच वेळ गप्प राहिला. औंढ्यात त्याच्या तीन सुपाऱ्या होत्या. मग खिशातून कार्ड काढून त्यानं ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"तुमच्या वळखीचं कोणी असंल तिथं, तर विचारा काका, उद्घाटनाला साऊंड कोणाचा ठरलाय? ठरला नसंल तर आपला नंबर द्या. चारच बेस लावू. बटण डावीकडं ठेवू."