मेला नाही, जिभाऊ!

मिरचीच्या पथाऱ्या भरल्या आणि वारा शहराकडे फिरला की आमच्या गल्लीत शिंका सुरू होतात. भिंतीपलीकडे कोण उभं आहे ते शिंकेवरूनच ओळखायचं. दोन दणदणीत आणि एक अर्धवट, म्हणजे जिभाऊ.

"सर, आहात का? तो दुकानवाला म्हणे, तुमना कॉम्प्युटर मरी गया! मी म्हटलं, कशाले मरीन? सकाळी बटण दाबलं तर चालू शे!"

"कोणता दुकानवाला?"

"नाव कशाला घेता. नवीन घ्या म्हणे, जुन्याचे दोन हजार लावतो."

ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या जिभाऊंच्या घरच्या जिजी तिथूनच म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या वहिनींनी घेतला ना नवा. याच माणसाकडून. आता हप्ते भरताहेत आणि सांगताहेत की स्पीड चांगला आहे."

वहिनींची गोष्ट मला आधीच ठाऊक होती, पण ती पुढे सांगतो. आधी जिभाऊंची शंका. कॉम्प्युटर मेला नाही, त्यावरच्या विंडोज १० ची मुदत संपली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने तिचे सुरक्षेचे अपडेट बंद केले. घर तेच, कुलूप तेच. कुलूप बिघडलं तर दुरुस्त करायला येणारा माणूस तेवढा यायचा थांबला.

"पण हीच शेवटची विंडोज, असं ऐकलं होतं," जिभाऊ म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक. एकदा ऐकलेलं विसरत नाहीत आणि विसरू देतही नाहीत. खरंच, २०१५ मध्ये ती आली तेव्हा कंपनीचाच एक माणूस भर परिषदेत तसं बोलला होता. २०२१ च्या ऑक्टोबरात अकरा आली.

"मग अपडेट नाही मिळालं तर काय होईल? आमच्या घरात चोराला न्यायला आहे काय?"

यावर मी जरा लांबलो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायलींना कुलूप लावून खंडणी मागायचा. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही ते सापडले. लगेच जूनमध्ये नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल बंद पडलं. असले व्हायरस श्रीमंत बघून येत नाहीत. दार उघडं दिसलं की शिरतात.

"मग तर बँक त्यावर नको," जिजींनी निकाल देऊन टाकला.

तो निकाल निम्मा बरोबरच आहे. जिभाऊंचा पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेचं कामही मोबाईलवर होतं. जुन्या मशीनवर पासवर्ड टाकायची हौस कशाला? २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा जिभाऊ नोकरीत होते. तेव्हापासून सातबारा काय, शिष्यवृत्ती काय, सगळं एकेक करून पडद्यावर आलं. म्हणून घरातला कोणता पडदा कशासाठी वापरायचा, हे ज्याचं त्याने ठरवून ठेवावं.

"ते जाऊ द्या. माझ्यावर अकरा चढेल का, ते सांगा."

"तुमच्यावर नाही, मशीनवर. कधी घेतलं?"

"रिटायर झालो त्या साली. २०१६."

मग उडी मारून पलीकडे जावं लागलं. (भिंत कमरेएवढीच आहे, मधला दरवाजा लावायचं दोन्ही घरांचं दरवर्षी ठरतं.) सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्याखाली अबाउट. तिथे आय३-६१०० दिसलं. ही सहावी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, शिवाय ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची, किल्ल्या सांभाळणारी चिप. जिभाऊंचं गाडं प्रोसेसरपाशीच अडलं.

आता वहिनींची गोष्ट. त्यांचं मशीन दहाव्या पिढीचं होतं. स्क्रीनवर 'टीपीएम नाही' असं आलं आणि दुकानात सांगितलं, होणार नाही. टीपीएम होती. बायोसमध्ये बंद ठेवलेली होती, एवढंच. चालू केली असती तर अकरा फुकटात चढली असती. आम्हाला कळलं तेव्हा जुनं मशीन दुकानात जाऊन पडलं होतं. वहिनींना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

"पुण्याचा भाचा म्हणतो, अकरा पेनड्राइव्हने जबरदस्ती टाकून देतो."

"टाकेल. चालेलही. पण असं मशीन कंपनी आपलं मानत नाही, पुढचे अपडेट मिळतील याची हमी देत नाही. ज्याच्यासाठी खटाटोप करायचा तेच हाती नसेल, तर जुनी दहाच काय वाईट? आणि भाच्याला सांगा, इन्व्हर्टर असल्याशिवाय हात लावू नको. मध्येच लाईट गेली तर मशीन ना दहाचं राहतं, ना अकराचं."

मधला मार्ग दुकानात कुणी सांगत नाही, कारण त्यात दुकानाला काही मिळत नाही. घरगुती मशीनला विंडोज १० चे सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि मशीनवर दहाची शेवटची, २२एच२ ही आवृत्ती असावी लागते. सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवू दिल्या तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची ओळ येते.

"म्हणजे माझे कागद त्यांच्याकडे?"

"कागद नाही, सेटिंग्ज. फोटो आणि फायली द्यायच्या का, ते वेगळं विचारतात. तिथली खूण काढून टाका."

जिजींचं मत वेगळं पडलं. "मला भजनं ऐकायची, नातवाला बघायचं. त्याला विंडोजच कशाला पाहिजे?" बाईंनी नेमकं बोट ठेवलं. त्यांच्यापुरतं लिनक्स मिंट पुरेसं आहे. फुकट, जुन्या मशीनवर हलकं, मेनू मराठीत करता येतो, मराठी टायपिंगही होतं. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवताहेत. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाचं लिनक्स काढलंय. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, डिस्कला धक्का न लावता. प्रिंटर चालला, आवाज आला, कॅमेरा दिसला, मग पुढचा विचार.

माझं तर तिथेच ठरलं होतं. पण जिभाऊ गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "आणि मना गावना इतिहास?"

खरी अडचण तर इथे निघाली. तापीकाठच्या आपल्या गावाचा इतिहास जिभाऊ निवृत्तीपासून लिहिताहेत: पूर, पाटीलकी, कोणाची विहीर कोणी खोदली. सगळं पेजमेकरमध्ये, श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टात. या जुन्या फॉन्टांचं दुखणं असं की आत साठलेली अक्षरं मराठी नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर 'विहीर' दिसते, फॉन्ट गेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. शिवाय श्री-लिपीला मशीनच्या मागे लावायचं डोंगल लागतं. ते लिनक्सवर ओळखलं जाईल असं मी तरी धरून चालणार नाही, अकरावरसुद्धा नाही. अकरा फक्त ६४-बिटमध्येच येते, त्यामुळे १६-बिटची खूप जुनी सॉफ्टवेअरं तिच्यावर चालतच नाहीत.

म्हणून मशीन बदलायचं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला आणि कामाचा क्रम लावला. सगळं चालू आहे तोवर प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ काढायची, फॉन्ट आत बसवून. पान जसं आहे तसं तरी वाचेल. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात हमखास चुकतो, म्हणून मूळ पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचायची. हे काम जिभाऊंनाच करावं लागेल. भाच्याला 'पाटीलकी'चं 'पाटलीकी' झालेलं कळणार नाही. शेवटी दोन पेनड्राइव्हवर प्रती, एक इथे, एक पुण्याला.

"म्हणजे वरीसभर काम शे," जिभाऊ म्हणाले, आणि मला वाटतं ते खूश झाले होते.

तर जिभाऊंचं ठरलं आहे. नवं मशीन नाही. वर्षाची वाढीव मुदत घ्यायची, तेवढ्यात इतिहास युनिकोडमध्ये आणायचा, मग जिजींसाठी मिंट. तुमच्या घरी आठव्या किंवा पुढच्या पिढीचं मशीन असेल तर इतका विचार नको: बॅकअप घ्या, बायोसमधली टीपीएम पाहा आणि अकरा चढवा. जुनं असेल तर वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, नोंदणी त्याआधी करून टाका.