जादूचा कॅट कसा पारखावा

सुरुवात जाहिरातीपासून करावी. जादूगाराचे हात तीन सेकंद दिसतात आणि बघणाऱ्यांचे वासलेले आ तीस सेकंद. हे प्रमाण वहीत टिपून ठेवावे.

पार्सल आल्यावर किंमत कुणाला सांगू नये. ‘घरात दोन कॅट आहेत की!’ असे कुणीतरी म्हणणारच. त्यावर खरे उत्तर देता येत नाही, कारण खरे उत्तर म्हणजेच गुपित, आणि पैसे गुपिताचेच भरलेले असतात.

मी घेतला तो स्वेनगाली कॅट. जॉर्ज द्यु मोरिए यांच्या १८९४ च्या ‘ट्रिल्बी’ कादंबरीत संमोहन करणारा एक खलपुरुष आहे, त्याचे हे नाव. कॅटचे श्रेय बर्लिंग हल या अमेरिकन जादूगाराला देतात, साल १९०९. आत २६ पत्ते वेगवेगळे, पूर्ण लांबीचे. उरलेले २६ एकाच पत्त्याच्या प्रती, किंचित आखूड कापलेल्या, एकाआड एक लावलेल्या. अंगठ्याने कड फर्रकन सोडली की पत्ते जोडीजोडीने पडतात, आखूड पत्ता लांब पत्त्याआड दडतो आणि समोरच्याला कॅट अगदी सरळमार्गी वाटतो. पाठी वर ठेवून कड सोडताना त्याने ‘थांब’ म्हटले, की निघतो तो मात्र आखूडच. माझ्या कॅटमधला आखूड पत्ता बदाम सत्ती होता. हे लक्षात असू द्यावे.

पारख डोळे मिटून करावी. कॅट टेबलावर उभा ठोकून वरच्या कडेवरून बोट फिरवावे. खरखर एकसारखी लागली तर कापणी चांगली. एखादी सत्ती मध्येच डोके वर काढत असेल तर कॅट परत पाठवावा. तो परत घेत नाहीत, पण रागाचे पत्र लिहिण्याचा सराव होतो.

आता व्हिडिओ. तो आधी आवाज बंद करून पाहावा. शिकवणारे गृहस्थ ‘अगदी सोपं आहे’ म्हणतात नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर जातो. आवाज बंद असला की हे चटकन कळते. माझ्या व्हिडिओत कल्पना सुचली त्या संध्याकाळचे वर्णन नऊ मिनिटे होते आणि अंगठा नेमका किती दाबायचा हे चार सेकंद. ती चार सेकंदे मी इतक्या वेळा मागे नेली, की त्यांच्या करंगळीवरचा तीळ मला तोंडपाठ आहे. अंगठा त्या तिळाच्या पलीकडे राहतो.

शेवटी एकच गोष्ट शोधावी: ‘दाखव बघू तो कॅट’ असे कुणी म्हटले तर काय करायचे? चांगला शिक्षक इथे थांबतो. त्याच पाठीचा साधा कॅट खिशात ठेवा, पत्ता सापडल्याची टाळी पडते तेवढ्यात अदलाबदल करा, असे सांगतो आणि ते करून दाखवतो. माझ्या गुरुजींनी ‘आत्मविश्वास ठेवा’ एवढे सांगून आभार मानले.

मी आत्मविश्वास ठेवला. दिवाळीत आत्याकडे प्रयोग झाला. पत्ता बरोबर आला, आत्याने ‘अगंबाई!’ केले. पाणी प्यायला मी आत गेलो, तेवढ्यात बाहेर ‘चला, एक डाव बदाम सात’ अशी हाक उठली. पिसायचे नाही, फक्त काटायचे, असे आत्याला मीच बजावले होते. तिने ते मनापासून पाळले. कॅट काटून चौघांत एकेक पत्ता वाटला.

मी तांब्या हातात घेऊन दारात उभा.

‘बदाम सत्ती माझ्याकडे आहे, उतारी माझी,’ आत्या म्हणाली.

‘छे, माझ्याकडे आहे,’ समोरून काका म्हणाले. मग त्यांनी हातातले पत्ते नीट पसरले, चष्मा वर केला आणि आत्याला विचारले, ‘तुझ्याकडे किती आहेत?’

‘तेरा,’ आत्या म्हणाली. ‘तुमच्याकडे?’