बेकरसाहेबांचं आपलं एक मत

मोजता येतं त्याला 'फ्यूअर', येत नाही त्याला 'लेस'. माणसं फ्यूअर, दूध लेस. इंग्रजीच्या शिकवणीत हा नियम फळ्यावर लिहिताना माझा आवाज उगाचच भारदस्त होतो. मुलं मुकाट्याने उतरवून घेतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, "सर, पैसे मोजता येत नाहीत का?"

आता काय सांगणार? पै-पैचा हिशेब ठेवून ज्यांनी जवळजवळ पाव जगावर राज्य केलं, त्यांच्या व्याकरणात 'मनी' मोजता येत नाही! 'लगेज'ही मोजता येत नाही. विमानतळावरच्या काउंटरवर हे एकदा सांगून बघाच. 'व्हीट' न मोजण्याजोगा, पण 'ओट्स' मोजण्याजोगे. डोक्यावरचे सगळे केस मिळून नुसतं 'हेअर', त्यातला एक आमटीत सापडला की लगेच 'अ हेअर'. वाटाण्याने तर कमालच केली. मूळ शब्द 'पीझ', आणि तोही 'राइस'सारखा न मोजायचा. सतराव्या शतकात लोकांना वाटलं, शेवटी 'झ' ऐकू येतोय, म्हणजे अनेकवचनच असणार. त्यांनी तो सोलून काढला आणि आतून एक सुटा 'पी' निघाला. तेव्हापासून वाटाणे मोजता येतात.

बरं, लेस-फ्यूअरचा नियम तरी कुठला? नवव्या शतकात इंग्लंडातला आल्फ्रेड राजा 'कमी शब्दांत' म्हणताना खुशाल 'लेस'च वापरतो. पुढे 1770 साली रॉबर्ट बेकर या गृहस्थांनी लिहिलं, की शंभराच्या आधी 'नो लेस'पेक्षा 'नो फ्यूअर' आपल्याला डौलदार वाटतं, आणि शुद्धही. शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली, ग्रीकचा गंध नाही. बिचाऱ्यांनी आपलं मत सांगितलं, इतकंच. पण घरातले एखादे काका "मला आपलं वाटतं, शेवटी ताक-भात हवाच" म्हणून जातात आणि पुढच्या तीन पिढ्या ताक ओरपत बसतात, तशातली गत.

या मतापुढे शेवटी दुकानदारही नमले. झटपट रांगेवरच्या 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवरून व्याकरणवाले इतके कावले, की 2008 साली टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केटने 'अप टू टेन आयटम्स' लिहायचं ठरवलं. लेस नको, फ्यूअरही नको, कटकटच नको. फक्त सहा केळ्यांची फणी ही एक वस्तू धरायची की सहा, याबद्दल ना आल्फ्रेड बोलला, ना बेकर.