नाना घरात असताना ओरल पॅथॉलॉजीची उजळणी कशी करावी

बीडीएस होऊनही घरच्यांच्या मते अद्याप काहीच न झालेल्या, नीट-एमडीएसला बसणाऱ्या उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. परीक्षा तीन तासांची, प्रश्न २४०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. ओरल पॅथॉलॉजीकडे इंटर्नशिपमध्ये कोणी ढुंकून पाहत नाही आणि परीक्षा तोंडावर आली की सगळे तिच्या पाया पडतात.

स्थळ. कोरेगाव भीमात अभ्यासाला शांत जागा शोधू नये. नगर रोडवरून सणसवाडी-रांजणगावचे कंटेनर रात्रभर चालतात आणि प्रत्येक ड्रायव्हर आपल्याच खिडकीखाली हॉर्न तपासून घेतो. अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं असतात. ती आपल्या पुस्तकातला रंगीत फोटो चुकून पाहतात आणि डबा न उघडता परत बांधतात. घरी गच्चीवर बसावं. तिथे फक्त नाना येतात.

पुस्तक. शेफर की नेव्हिल हा वाद उकरू नये, तो घालणारे दोन्ही वाचत नाहीत. अप्पा बळवंत चौकातून जुनी आवृत्ती मात्र आणू नये, कारण या विषयात रोगसुद्धा पक्ष बदलतात. केराटोसिस्ट ही १९५६पासून सिस्ट म्हणून सुखाने नांदत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला ट्यूमरचा दर्जा दिला आणि २०१७ साली काढून घेतला. जबड्यात ती पूर्वी होती तशीच आहे. काढल्यावर पुन्हा होण्याची खोडही तशीच. त्रास झाला तो फक्त मधल्या काळात पाठ करणाऱ्यांना.

हायलायटर एकच घ्यावा. चार रंगांत पान रंगवलं की कोरी राहिलेली ओळ तेवढी उठून दिसते आणि प्रश्न तिच्यावरच येतो.

नावं. गॉर्लिन हे एकच गृहस्थ तीन ठिकाणी भेटतात. गॉर्लिन सिस्ट म्हणजे घोस्ट सेल असलेली कॅल्सिफाइंग सिस्ट. गॉर्लिन सिंड्रोम म्हणजे अनेक केराटोसिस्ट आणि त्वचेवर बेसल सेल कार्सिनोमा. आणि अमेलोब्लास्टोमाचे सुरुवातीचे बदल ओळखायचे निकषही व्हिकर्स आणि गॉर्लिन यांचेच. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं आणि तो चारही पर्यायांत त्यांना बसवतो. एओटीबद्दल ‘दोन तृतीयांश’ एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं: साधारण तितक्या केसेस मुलींमध्ये, तितक्याच वरच्या जबड्यात, तितक्याच न उगवलेल्या दाताभोवती, त्यातही बहुधा सुळ्याभोवती. पेम्फिगसच्या शेवटी ‘स’, म्हणजे सुपरफिशियल, फोड एपिथेलियमच्या आत. पेम्फिगॉइडच्या शेवटी ‘ड’, म्हणजे डीप, फोड खाली. हे कोणत्याही महागड्या क्लासमध्ये इतकंच सांगतात.

नातेवाईक. उमेदवार पुस्तक उघडून बसला म्हणजे मोकळा आहे, असं त्यांचं ठाम मत असतं. पूजेला, साखरपुड्याला, दहाव्यालासुद्धा लोक आ करून समोर उभे राहतात. “हे बघ गं जरा, काय आहे?” बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या टोकाला असलेल्या सर्कमव्हॅलेट पॅपिला असतात, ज्या त्यांना जन्मापासून आहेत आणि त्यांनी काल रात्री आरशात पहिल्यांदा पाहिल्या. कॅन्सर नाही म्हटलं की थोडे नाराज होतात.

आता नाना. हे माझे चुलते. राज्यात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे, म्हणून नाना कायद्याचा मान राखून मावा खातात. “गुटखा नाही गं, साधी सुपारी आहे.” प्लॅस्टिकच्या कागदात सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, तळहातावर चोळत चोळत ते मला विचारतात, “पास झालीस ना एकदा? मग परत परीक्षा कशाची?”

सबम्युकस फायब्रोसिसचा धडा नाना समोर असताना वाचावा. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टना कोलॅजन बनवायला लावतं, सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेजमार्फत त्या कोलॅजनला गाठी मारतं, आणि ते विरघळायचं बंद होतं. म्हणजे गुन्हा सुपारीचा. तंबाखू काढून टाकली तरी हा रोग सुटत नाही, हे मी नानांना तीनदा समजावलं. आधी तिखट झोंबायला लागतं. नाना म्हणतात, हल्ली मिरच्याच तिखट येतात. एकदा मोबाइलच्या टॉर्चवर गाल पाहिला. आतून संगमरवरासारखा पांढुरका. बोट फिरवलं तर उभे ताठ पट्टे लागतात. त्यांचीच बोटं त्यांच्या तोंडात उभी घालायला सांगितली. तीन जायला हवीत. दोन गेली. तिसरं त्यांनी माझ्यावर उगारलं.

हा रोग १९५२ साली श्वार्ट्झने केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी भारतात. आपल्या पुणे जिल्ह्यातच डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली; तो अभ्यास १९७२ साली छापून आला. सहकाऱ्यांत पिंडबोर्गही होते, ज्यांच्या नावाचा ट्यूमर आपण लीसेगँग रिंगांसाठी घोकतो. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग झालं की तपासून. आता काय राहिलंय?”

एर्नाकुलमला सबम्युकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यात ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. हा आकडा हमखास विचारतात, मला झोपेतही येतो. नानांपुढे मात्र तोंडातून निघत नाही. मी म्हणते, “नाना, एकदा पुण्याला जाऊन बायॉप्सी करू.” ते म्हणतात, “तू मोठी डॉक्टर हो, मग तुझ्याच हातून करतो.” म्हणजे माझी रँक आणि त्यांचा गाल, दोन्ही एकाच वेटिंग लिस्टवर. हा दबाव कोणत्याही टेस्ट सिरीजमध्ये मिळत नाही, तेव्हा फी वाचली म्हणायचं.

निगेटिव्ह मार्किंग. दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर ठोकावं, चारही सारखेच ओळखीचे वाटत असतील तर पुढे जावं. नानांना हे पटत नाही. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, असं त्यांचं तत्त्व आहे. सगळे चुकले तर उणे २४० येतील म्हटलं, तर मावा एका गालातून दुसऱ्यात सारत म्हणाले, “येऊ देत. पेपर तर पूर्ण सोडवला.”