दिंद्रुडचा काऊबॉय

निवडणूक जाहीर होताच परवानाधारकाने मुकाट्याने ठाण्यात जमा करावयाची आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणावयाची एक जड वस्तू, यापलीकडे बंदुकीचा ज्या गावाशी फारसा ऋणानुबंध नाही, त्या मराठवाड्यातील दिंद्रुडच्या एका निवृत्त शिक्षकास टिकाऊ सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हराविषयी सल्ला विचारला जावा, हा कालमहिमाच म्हणावयाचा. प्रश्नकर्ता आमचा भाचा. तो ॲरिझोनात संगणकाची चाकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी काऊबॉय होतो. या क्रीडेची कलमे १९८७ साली स्थापन झालेल्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीने घालून दिली आहेत: पेहराव एकोणिसाव्या शतकातला, लक्ष्ये पोलादी, गोळी शिशाची, आणि प्रत्येक सभासदास असे एक टोपणनाव, जे अन्य कोणी घेतलेले नसावे. भाच्याने 'दिंद्रुड किड' हे नाव नोंदविले. त्यावर कोणाची हरकत आली नाही, हे सांगणे नलगे.

खेळाडूस दोन रिव्हॉल्व्हरे, एक रायफल आणि एक छऱ्यांची बंदूक अशी चार हत्यारे लागतात. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बाळगता येतात. तेव्हा हा खेळ दिंद्रुडात मांडावयाचा तर प्रत्येक काऊबॉयमागे एक परवानाधारक साडू उभा करावा लागेल.

"मामा, अस्सल कोल्ट घेऊ की रुगर? तुम्ही सांगाल ते घेतो," असे भाच्याने फोनवर विचारले, आणि ज्याने जन्मात शिट्टीहून अधिक स्फोटक वस्तू हाताळली नाही अशा माणसास साजेल त्या आत्मविश्वासाने आम्ही अभ्यासास बसलो. कोल्टचे हे पिस्तूल १८७३ चे. म्हणजे ज्या साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध करून ती गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केली, त्याच सालचे. एकाच देशाविषयी एकाच वर्षी किती भिन्न आस्था! प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावयाचा आणि मग चाप दाबावयाचा, ही त्याची रीत. परंतु आतल्या स्प्रिंगा पातळ पट्टीच्या. घाईघाईने हजारो वेळा घोडा ओढणाऱ्या हौशी अंगठ्यापुढे त्या कधी मान टाकतील याचा नेम नाही. शिवाय भरल्या घरावर घोडा टेकलेला असता पिस्तूल खाली पडले तर बार उडण्याचा धोका, म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरीत.

रुगर कंपनीने १९७३ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये एक लहानशी पट्टी अशी बसविली की चाप ओढल्याशिवाय आघात पोहोचूच नये. स्प्रिंगा तर पूर्वीपासूनच वेटोळ्याच्या, चिवट. त्यावर जुना मुखवटा चढवून १९९३ मध्ये 'व्हकेरो' बाजारात आणले: दर्शनी सागवानी चौकट तशीच ठेवून आत सिमेंटचे खांब उभे केलेला वाडाच जणू. गंमत अशी की, आता सहावे घर भरले तरी धोका नाही, पण खेळाचे कलम आजही पाचच काडतुसांचे! कारण नाहीसे झाले तरी कलम शाबूत राहते, हे निजामाच्या अव्वल तालुकदाराच्या अमदानीपासून दफ्तरे पाहिलेल्या मराठवाड्यास नवे नाही.

आम्ही रुगरच्या बाजूने निकाल दिला. "पण मामा, ते अस्सल नाही हो," असे भाचा कुरकुरला. आम्ही म्हणालो, "बाबा रे, डोक्यावर टोपी दीडशे वर्षांपूर्वीची, खिशात मोबाईल, आणि नाव दिंद्रुड किड, एवढ्या सरंजामात अस्सलपणाचा आग्रह एकट्या स्प्रिंगेनेच का धरावा?"

त्याने दोन व्हकेरो घेतली. सध्या आमच्या भगिनी त्याच्यासाठी स्थळे पाहत आहेत आणि माहितीपत्रकातील 'छंद' या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न त्यांनी आमच्याकडेच पाठविला आहे. "वाचन" असे लिहून आम्ही तो निकालात काढला.