भावी नगरसेवकास मिरा-भाईंदरच्या तारोडीहून खुले पत्र



डोंगरीपासून उत्तन नाक्यापर्यंत तुमचा चेहरा पाहिल्याशिवाय आता घराबाहेर पडता येत नाही. गणपतीत तुम्ही शुभेच्छा दिल्यात, नवरात्रात दिल्यात, नाताळचे फ्लेक्सही एव्हाना छापायला गेले असतील. फोटोखाली मोठ्या अक्षरात ‘भावी नगरसेवक’. परवानगीचा क्रमांक मात्र कुठेच नाही. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात 1995 पासून आहे आणि बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिकांना किती वेळा झापले, ते तुम्हीही वाचले असेल. शहराचे नियम करायला निघालेल्या माणसाने पहिलीच पायरी नियम मोडून चढावी, याची आम्हाला चीड येते. त्या फ्लेक्सची दोरी झाडाला आवळलेली आहे, याची तर जास्तच. कारण झाडांबद्दलच तुम्हाला विचारायचे आहे.

हे पत्र एका पक्षाच्या एका इच्छुकाला नाही. तुमच्यापैकी काही जण 2017 च्या सभागृहात बसून आले आहेत, काही जण पहिल्यांदाच बाशिंग बांधून उभे आहेत. आरोप सगळ्यांवर एकच आहे: गावाला तुमची गरज होती तेव्हा तुम्ही गप्प बसलात.

मिरा-भाईंदरच्या 95 नगरसेवकांची मुदत ऑगस्ट 2022 मध्ये संपली. त्यानंतर आयुक्त हेच प्रशासक झाले. महासभा त्यांची, स्थायी समिती त्यांची, प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. सभागृहाची मुदत संपून जेमतेम दोन महिने होतात तोच, ऑक्टोबर 2022 मध्ये, शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. पुढच्या वीस वर्षांत कुणाच्या शेतावर आरक्षण, कुणाच्या अंगणातून रस्ता, हे ठरवणारा कागद आला तेव्हा त्यावर भांडणारा एकही लोकनियुक्त प्रतिनिधी खुर्चीत नव्हता. तुमच्याकडे खुर्ची नव्हती, हे मान्य. पण हरकत नोंदवायला खुर्ची लागत नाही. साधा अर्ज आणि त्यावर पोच लागते. तुमच्या अर्जाची पोच दाखवा.

आता डोंगरीच्या डोंगराकडे या. मेट्रो 9 चे कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा इथे होणार होते. तिथल्या लोकांनी घरे आणि शेती जाणार म्हणून जिवाच्या आकांताने विरोध केला आणि त्यांचे बरोबरच होते. मग कारशेड डोंगरीला आले. सुमारे 59 हेक्टर सरकारी जागा आणि 12 हजारांहून अधिक झाडे. राईत तुम्ही ‘कारशेड हटवले’ म्हणून सत्कार घेतलेत. ते हटून कुठे गेले, हे त्या व्यासपीठावर तुम्हाला आठवले नाही. डोंगरीत आलात तेव्हा म्हणालात, विकास तर हवाच ना.

विकास हवा. तारोडीचा पोरगा अंधेरीला कामाला जातो तेव्हा आधी बसने भाईंदर स्टेशन गाठतो आणि मग लोकलच्या दारात लोंबकळतो. मेट्रोची गरज त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते. पण मंजूर मार्गाचे शेवटचे स्टेशन भाईंदर पश्चिमेला सुभाषचंद्र बोस मैदानापाशी आहे, आणि त्या गाड्या उभ्या करायला पुढे कित्येक किलोमीटर येऊन आमचा डोंगर लागतो. दुसरी कुठलीच जागा का चालत नाही, किती पर्याय तपासले, कुणी तपासले, हा प्रश्न एका तरी इच्छुकाने पत्रकार परिषदेत विचारला का? गावातल्या बायकांनी तो विचारला.

मार्च 2025 मध्ये वृक्षतोडीची नोटीस आली. 1975 च्या झाडांच्या कायद्याने लोकांना हरकतीची मुदत मिळते, तीही मोजक्या दिवसांची. नोटीस, हरकती, सुनावणी सगळे सुरू होते महापालिकेतूनच. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण? आयुक्त. तेव्हा प्रशासक कोण? तेच आयुक्त. म्हणजे गावाची बाजू मांडायला तिथे निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, आणि नेमक्या त्याच काळात डोंगराचा निकाल लावायचा होता. लोकांनी चर्चच्या आवारात, देवळाच्या ओट्यावर, पोरांच्या शिकवणीच्या वर्गात बसून हरकती लिहिल्या. हजारोंनी लिहिल्या. ज्यांना मराठीत अर्ज जमत नव्हता त्यांना नातवंडांनी लिहून दिला. त्या दिवसांत तुम्ही वाढदिवसाचे केक कापत होता. त्याचेही फ्लेक्स आम्ही पाहिले.

डोंगर म्हणजे नुसती झाडे नाहीत. पावसाचे पाणी तो धरून ठेवतो, म्हणून खालच्या विहिरींना पाणी टिकते. तो बोडका केला, सपाट करून त्यावर काँक्रीट ओतले, तर तेच पाणी पावसाळ्यात सरळ भातशेतीत आणि घरांत घुसेल आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी पडेल. ‘तेवढी रोपे दुसरीकडे लावू’ हे उत्तर आमच्या विहिरीला काय कामाचे?

आणि हा पहिला डोंगर नाही. उत्तनचा धावगी डोंगर या शहराने आधीच कचऱ्याला दिला. भाईंदरचा, मिरा रोडचा, काशिमिऱ्याचा कचरा दीड दशकाहून अधिक काळ इथे येऊन पडतो. उन्हाळ्यात त्याला आग लागते आणि धूर दिवसेंदिवस गावांवर बसून राहतो. पावसाळ्यात त्यातून काळे पाणी पाझरून शेतात उतरते. लोक मोर्चे काढून थकले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. प्रत्येक निवडणुकीत तुमच्याच जातकुळीचा कुणीतरी ‘डम्पिंग हटवणार’ म्हणून मते घेऊन गेला. शहराला त्याच्या कचऱ्याची व्यवस्था करावीच लागेल, पण ओला-सुका वेगळा करून जिथल्या तिथे जिरवण्यासाठी तुमच्या सोसायट्यांशी वाईटपणा घ्यायची तुमची तयारी नाही. तिथे मते जास्त आहेत. इथे कमी आहेत. हा सगळा हिशोब एवढाच आहे आणि तो आम्हाला समजतो.

भाईंदर-मिराची नगरपरिषद झाली 1985 मध्ये. डोंगरी-उत्तनच्या ग्रामपंचायती त्यात नंतर ओढल्या गेल्या आणि 2002 मध्ये महापालिका झाली. तेव्हापासून शहराच्या नकाशावर आमची गावे म्हणजे मोकळी जागा. कचरा टाकायला मोकळी, कारशेडला मोकळी, उत्तन-विरार सागरी सेतू उतरवायला मोकळी. मनोरी-गोराई-उत्तनला पर्यटन क्षेत्र करण्याचा घाट घातला गेला तेव्हाही असेच झाले होते. डोंगरीचे चर्च 1613 चे आहे. कोळीवाडे, आगऱ्यांची घरे, ईस्ट इंडियन वाड्या महापालिकेच्या कितीतरी आधीच्या आहेत. जागा मोकळी कधीच नव्हती.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. सूर्या योजनेतून शहराला रोज 218 दशलक्ष लिटर पाणी मिळणार, हे तुमच्या पत्रकावर असतेच. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावांना त्यातले किती आणि किती वाजता मिळणार, तेवढे पत्रकात छापा.

चौकच्या धारावी किल्ल्यावर तुम्ही दरवर्षी चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार घालायला येता. 1739 च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी हे ठाणे घेतले, कारण धारावी बेटाचे मोल त्यांना कळले होते. खाडीचे तोंड इथून राखता येते. त्या पुतळ्याशेजारी उभे राहून फोटो काढणाऱ्याला समोरच्या डोंगराचे मोल कळू नये?

निवडणूक कायमची टळत नाही. तुम्ही दारात याल. पॅनेल पद्धतीत ‘तो विषय माझ्याकडे नाही, आमच्या दुसऱ्या उमेदवाराला विचारा’ असे सांगून सुटता येते, हे आम्ही मागच्या वेळी भोगले आहे. म्हणून आत्ताच सांगतो: पॅनेलमधल्या प्रत्येकाने वेगळा कागद आणायचा. ख्रिस्ती मतदाराला एक आणि आगरी-कोळी मतदाराला दुसरा, असे चालणार नाही. डोंगराने आम्हाला एका रांगेत उभे केले आहे.

कागदावर तीन गोष्टी लिहा. डोंगरीची झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला तुम्ही विरोध करणार की नाही. धावगीवर येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या कोणत्या वर्षापर्यंत थांबवणार, आणि तोवर शहराच्या कोणत्या भागात वर्गीकरण सुरू करणार. विकास आराखड्यात आमच्या गावठाणांवर आणि शेतांवर टाकलेल्या आरक्षणांबद्दल महासभेत कोणता ठराव मांडणार. पक्षाचे धोरण वेगळे असेल तर तेही लिहा. खाली सही, तारीख आणि तुमचा स्वतःचा फोन नंबर, कार्यकर्त्याचा नको. त्याच्या प्रती आम्ही चर्चच्या आणि देवळाच्या फलकावर लावू आणि सभागृहातली पहिली महासभा झाली की त्या घेऊन तुमच्या कार्यालयात येऊ.

तोपर्यंत झाडाला बांधलेली ती दोरी सोडा.

आपले,
तारोडीचे मतदार