टच होत नाहीये

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही कारखान्यात जा, टेस्टिंग लाइनच्या टोकाला एक काका असतातच. कागदोपत्री पद काहीही असो, सगळा फ्लोअर त्यांना ‘फिक्स्चरवाले काका’ म्हणतो. खिशात टूथब्रश, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग आणि यच्चयावत बिघाडांवर एकच निदान: ‘‘टच होत नाहीये.’’

कार्ड फेल झालं की डिझाइनवाले सोल्डरिंगला शिव्या घालतात, सोल्डरिंगवाले कम्पोनंटला आणि सगळे मिळून सॉफ्टवेअरला. काकांचा संशय फक्त पिनांवर. फिक्स्चर म्हणजे शेकडो स्प्रिंगच्या पिना वर तोंड करून उभ्या असलेली फळी. त्यावर कार्ड ठेवून झाकण दाबलं की प्रत्येक पिनेनं आपापल्या टेस्ट पॅडवर टेकायचं. पॅड जेमतेम एक मिलिमीटरचा. पिन जरा सरकली की चांगलं धडधाकट कार्ड नापास. यावर लाइनवरच्या मुलींकडे परंपरागत इलाज आहे. झाकण उघडायचं आणि पुन्हा आपटायचं, या खेपेला कोपरानं. तिसऱ्या आपटीला कार्ड पास होतं. या उपचाराचं अधिकृत नाव ‘रीटेस्ट’. तो आवाज कॅन्टीनपर्यंत पोचला तरी काका हातातला चहा टाकून धावतात.

‘‘अगं, कार्ड पास नाही केलंस, माझी पिन वाकवलीस!’’

नापास कार्ड ते आधी उजेडात तिरकं धरतात, मग भिंग लावतात. पिनेचं टोक पॅडवर इवलासा खड्डा पाडून जातं, आणि काकांची सगळी विद्या त्या खड्ड्यात आहे. सगळे खड्डे सारखेच एका बाजूला सरकलेत? कार्ड जागेवर धरणाऱ्या टूलिंग पिना झिजल्या. एका कोपऱ्यात बरोबर आणि पुढे पुढे जास्त चुकलेले? दोनांतली एकच टूलिंग पिन धड आहे, कार्ड तिच्याभोवती फिरतंय. एकटाच खड्डा भरकटलाय, तर ती पिन वाकली. खड्डाच नाही, तर पिन खालीच अडकून बसली. आणि खड्डा नेमका मधोमध असून कार्ड फेल असेल, तर टोकावर फ्लक्सचा चिकटा आहे. मग टूथब्रश बाहेर येतो. नव्या इंजिनिअरला लॅपटॉपचा पासवर्ड आठवेपर्यंत हे सगळं आटोपलेलं असतं.

तरी तो बिचारा एकदा सुचवतोच, ‘‘काका, जास्त दाबाच्या स्प्रिंगा टाकू या का?’’

‘‘एका पिनेचा दाब 200 ग्रॅम. पिना 400. किती झाले?’’

‘‘80 किलो.’’

‘‘म्हणजे तू आत्ताच कार्डावर बसलायस. आणखी जेवून येतोस का?’’

कार्ड वाकलं की त्यावरचे सिरॅमिक कपॅसिटर तडकतात, हे ते त्याला नंतर, बाजूला घेऊन सांगतात. अपमान आणि शिक्षण एका वेळी करायचं नाही, एवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

हट्टीपणाही आहे. एखाद्या दिवशी डायोड चक्क उलटा बसलेला निघतो, पण ते मान्य करायला काकांना संध्याकाळ होते. ‘‘असेल उलटा. पण टचही नीट नव्हता.’’

त्यांचा खरा घात होतो तो गिऱ्हाइकाच्या ऑडिटला. तिथे ‘पाच का’ लिहून द्यावे लागतात. काका प्रामाणिकपणे लिहितात. कार्ड फेल का? टच नाही. टच का नाही? पिन वाकली. का वाकली? कार्ड तिरकं बसलं. का बसलं? टूलिंग पिना झिजल्या. त्या बदलल्या का नाहीत? मागणीचा कागद दिवाळीपासून परचेसच्या टेबलावर आहे. हा पाचवा ‘का’ मॅनेजरसाहेबांना रुचत नाही. ते त्यावर रेघ मारून ‘ऑपरेटरला प्रशिक्षण कमी’ असं लिहितात, आणि प्रशिक्षण द्यायला काकांनाच उभं करतात. काका दोन तास झाकण हळू कसं दाबावं ते शिकवतात. मुली हसू दाबत सह्या करतात. हजेरीपत्रकावर पहिली सही मात्र परचेसवाल्याची असते. प्रशिक्षणाच्या समोशांची ऑर्डर त्याच्याकडून निघते, आणि ती त्याच दिवशी निघते.